तगर नावाचं एक वाढतं शहर

शहर वाढायला लागलं की ते हळूहळू इतर शहरांसारखंच दिसायला लागतं. तेच उड्डाणपूल, त्याच नावांच्या सोसायट्या, तीच दुकानं, हॉटेलात तेच पनीर. मग पाहुणा आला की त्याला दाखवायचं काय, असा प्रश्न पडतो. आम्हा धाराशिवकरांना तर तो नेहमीच पडतो. "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे हो?" असं कुणी विचारलं की आम्ही आधी तुळजापूर म्हणतो, मग नळदुर्गचा पाणीमहाल, आणि नंतर जरा थांबतो...

माझं स्वतःचं उत्तर ठरलेलं आहे. तेर! ऐकणाऱ्याचा चेहरा बहुतेक वेळा कोरा राहतो, कारण तेर आज तेरणा नदीकाठचं एक गाव आहे, शहर नव्हे. पण आमच्या जिल्ह्यात भरभर वाढलेलं आणि दूरदेशीच्या लोकांना नावानं माहीत असलेलं पहिलं शहर तेच. तेव्हा त्याचं नाव होतं तगर.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ग्रीक भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं गेलं. 'पेरिप्लस' या नावानं ते ओळखलं जातं. लिहिणारा बहुधा इजिप्तमधला व्यापारी असावा. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, अशी ती धंदेवाईक माहिती आहे. त्यात तो म्हणतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर आहे. तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनाऱ्याकडून तिथे जमा होणारा माल भडोचला जातो. कसा? तर गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून! महिनाभर बैलगाडी हाकायची, मग जहाज, मग तांबडा समुद्र, मग अलेक्झांड्रिया... आणि तेवढं करूनही ते कापड विकून नफा उरत होता. पुढच्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहेच.

गंमत म्हणजे मधल्या काळात हे तगर कुठे होतं तेच विसरलं गेलं. एकोणिसाव्या शतकात विद्वान मंडळींनी ते कधी देवगिरीला नेलं, कधी जुन्नरला, कधी धारूरला. शेवटी 1901 साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं. 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं. पण तेरचं खरं भांडार जमवलं ते गावातल्याच एका माणसानं. रामलिंगप्पा लामतुरे हे इथले व्यापारी. मराठवाड्यात गावठाणाच्या जुन्या मातीला पांढर म्हणतात. तेरच्या पांढरीतून शेतात, पावसाळ्यात, माती उकरताना जे जे वर यायचं ते त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं. मणी, बाहुल्या, नाणी, भांडी, अशा हजारो वस्तू. आज तेरचं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावानं आहे.

आता मुद्द्यावर येतो. तगर वेगळं कशामुळे होतं? मोठी बाजारपेठ म्हणून, असं म्हणता येईल. पण बाजारपेठा तेव्हा पैठणला होत्या, भोकरदनला होत्या, जुन्नरलाही होत्या. मला वाटतं, वेगळेपण होतं ते बाहेरून आलेल्याचं पुढे काय झालं यात.

एक उदाहरण बघा. तेरला मातीचे छोटे गोल ठसे सापडले आहेत, रोमन नाण्यांची नक्कल केलेले. काहींना दोरा ओवायला जागा आहे, म्हणजे ते गळ्यात घालत असणार. सोन्याचं नाणं ज्याच्या हाती आलं त्याच्या हाती आलं, बाकीच्यांनी आपल्या मातीत त्याचा दागिना केला. (आजही सोन्याचं परवडलं नाही की आपण एक ग्रॅमवालं घेतोच की!) उलट दिशेनंही तसंच. तेरला एक सुंदर हस्तिदंती बाहुली सापडली. तशाच घडणीची एक बाहुली 1938 साली इटलीत पाँपेईला मिळाली. पाँपेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती बाहुली त्याआधीच तिथे पोचली होती. ती याच टापूतून, तेर किंवा भोकरदनच्या बाजूनं गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

दुसरं उदाहरण तेरच्या त्रिविक्रम मंदिराचं. विटांची ही इमारत मागून अर्धगोल आहे, हत्तीच्या पाठीसारखी. हा घाट चैत्यगृहाचा, म्हणून अनेक अभ्यासक ती मुळात बौद्ध मानतात. आज आत त्रिविक्रम उभा आहे. जैनांनाही हे गाव आपलं वाटतं. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूर येतं आणि धाराशिवच्या लेण्यांचीही कथा येते. एकामागून एक लोक आले, पण जुनं पाडून नवं उभारायची कुणाला घाई झालेली दिसत नाही. म्हणून तर ती भिंत अजून उभी आहे.

आणि तिसरं, मला सगळ्यात आवडणारं. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी. त्यांच्या काळापर्यंत रोमचा व्यापार आटून कित्येक शतकं उलटली होती, आणि ते राहत होते समुद्रकाठी नाहीतर पंचगंगेकाठी. तरी ताम्रपटावर मूळ गावाचं नाव कोरून घ्यायचं त्यांनी सोडलं नाही. पुण्यात तीस वर्षं राहूनही "मूळचे कुठले?" म्हटल्यावर "धाराशिवचे" म्हणणाऱ्या आमच्या मंडळींना हे बरोबर कळेल.

नावावरून आठवलं. जिल्ह्याच्या गावाचं नाव सातव्या निजामावरून उस्मानाबाद झालं आणि 2023 मध्ये अधिकृतपणे पुन्हा धाराशिव. तगरचं तेर मात्र कुठल्याही राजपत्राशिवाय, लोकांच्या तोंडी झिजत झिजत झालं.

व्यापार गेला तरी तेरला येणारी माणसं थांबली नाहीत. तेराव्या शतकात गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमल्याची कथा आपल्याला पाठ असते. मुक्ताबाईनं थापटणं दाखवून हे काय म्हणून विचारलं, आणि काकांनी मडकी तपासावी तशी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून नामदेवांना कच्चं ठरवलं! कथा म्हणूनच घ्या. पण त्यात मला तेरचा स्वभाव दिसतो. आलेल्या थोरामोठ्यांना गाव आपल्याच धंद्याच्या मापानं तपासतं, आणि पाहुणा रागावला तरी शेवटी शहाणा होऊनच जातो.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चालू आहे. तुळजापूरची गर्दी वाढतेच आहे, लॉज वाढताहेत, रस्ते रुंद होताहेत. बाहेरची माणसं येणार, काही इथेच राहणार. ते चांगलंच आहे, कारण तगर तशाच माणसांनी मोठं केलं. तुळजापुरात भक्त गळ्यात घालतात ती कवड्यांची माळ तरी कुठली? कवडी समुद्रातली, आणि आमच्या जिल्ह्याला किनारा नाही. तरी आज ती आमच्या आईची खूण आहे.

भीती वाटते ती वाढीची नाही, घाईची वाटते. जेसीबीला पांढर आणि मुरूम यातला फरक कळत नाही. लामतुऱ्यांनी जे एकेक वेचून ठेवलं ते एका दुपारच्या खोदकामात ट्रॉलीत भरून जाऊ शकतं. मग रेल्वेतून उतरणाऱ्याला आपण दाखवणार काय, तर त्याच्या गावात आहे तेच.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी देवीला आलात की अर्धा दिवस जास्तीचा काढा. आधी संग्रहालय बघा, मग त्रिविक्रमाच्या मागच्या बाजूला जाऊन ती अर्धगोल भिंत बघा, मग गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरणेकाठी जा. आणि मुलं बरोबर असतील तर पाण्यावर तरंगणाऱ्या तेरच्या विटांबद्दल विचारायला विसरू नका. मुलांना बाकी काही नाही तरी ते नक्की लक्षात राहतं.