वीरगळ ते व्यायामशाळा : पेडणे-डिचोलीतील आत्मरक्षणाची परंपरा

गोमंतकातील प्राचीन देवालयांच्या परिसरात, कधी वडाच्या पारापाशी तर कधी तळीच्या काठावर, झिजलेला असा एखादा शिल्पांकित पाषाण उभा दिसतो. त्याच्या खालच्या पट्टीत शस्त्रधारी वीर झुंजत असतो, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात आणि वरच्या पट्टीत तोच वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. हा वीरगळ होय. कदंब राजवटीतील असे वीरगळ गोमंतकात अनेक ठिकाणी आढळले असून, नौकायुद्धाचे दृश्य कोरलेले वीरगळही त्यांत आहेत. गावासाठी ज्याने देह ठेवला त्याची स्मृती देवाच्या सान्निध्यात जपावी, ही त्यामागची भावना. शस्त्र आणि देवालय यांचे नाते या भूमीत किती जुने आहे याची साक्ष हे मूक पाषाण देतात.

पेडणे आणि डिचोली या दोन महालांच्या बाबतीत हे नाते विशेष घट्ट होते, कारण ही भूमी दीर्घकाळ सीमेवरची भूमी होती. दक्षिणेस पोर्तुगीजांचे बारदेश व तिसवाडी, उत्तरेस वाडीकर सावंत-भोसल्यांचा मुलूख, पूर्वेस सत्तरीचे राणे आणि पलीकडे घाट. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. तेथील शिलालेख ही वार्ता आजही सांगतो. १६८३ साली छत्रपती संभाजी महाराज व पोर्तुगीज यांच्यात जे युद्ध पेटले, त्याची झळ याच परिसराला लागली. पुढे १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने पेडणे महालातील हळर्णचा किल्ला घेतला. त्या विजयाचे महत्त्व त्यांना एवढे वाटले, की त्याला ‘मार्केश द आलोर्ना’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी तेरेखोलही पडले. १७८१ मध्ये डिचोली, त्यापाठोपाठ सत्तरी आणि १७८८ च्या तहाने पेडणे पोर्तुगीज अमलाखाली आले. ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात हे महाल गणले जाऊ लागले.

शे-दीडशे वर्षे ज्या गावांवरून फौजांची ये-जा होत राहिली, तेथील कुळंबी-मराठा शेतकऱ्याला नांगराबरोबर तलवारही ठाऊक असावी यात नवल नाही. राज्यकर्ता बदलला तरी गावाची राखण गावालाच करावी लागे. घर, गोठा, देवाची पेटी आणि शेतातले उभे पीक सांभाळण्यासाठी घरातील तरणाबांड मुलगा तयार असावा, ही गरज होती. या गरजेतूनच मराठी मुलखात तालमीची परंपरा रुजली.

तालमीतील शिक्षणक्रमाकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. पूर्वजांनी मुलाच्या हाती प्रथमच धारदार शस्त्र कधी दिले नाही. आधी जोर, बैठका आणि कुस्ती, मग लाठी, त्यानंतर फरीगदगा, म्हणजे एका हातात ढाल व दुसऱ्या हातात चामड्याने मढविलेली काठी घेऊन करावयाचा तलवारीचा सराव. भाल्याच्या शिक्षणासाठी बोथाटी होती. तिच्या टोकाला पाते नसून बोथट गोळा असे, म्हणूनच ते नाव. दांडपट्टा सर्वांत अवघड. लांब, सरळ, लवचीक असे ते दुधारी पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. मनगट न वळवता खांद्यातून तो फिरवावा लागतो. अंगाभोवती पात्याचे कडे उभे करणारा पटाईत क्षणभर जरी बेसावध झाला, तरी पहिली जखम त्याचीच. शिकणाऱ्याला इजा होऊ नये आणि विद्या मात्र पूर्ण यावी, असा हा क्रम शतकांच्या अनुभवातून सिद्ध झाला होता. लेकरांच्या सुरक्षिततेचा विचार आजच्या काळानेच प्रथम केला, असे मानण्याचे कारण नाही.

आखाड्यात उतरण्यापूर्वी मातीला स्पर्श करून तो हात कपाळी लावणे, मारुतीला नमस्कार करणे, वस्तादाची आज्ञा मानणे आणि जोडीदाराला दुखापत न करणे, हेही शिक्षणाचेच अंग होते. बळाला मर्यादेचे कुंपण नसेल तर तेच बळ गावाला जाच होते, हे जुन्या पिढीने ओळखले होते.

एकोणिसाव्या शतकात या परंपरेची कसोटी लागली. १८५२ साली दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन उठाव केला आणि तो तीन वर्षे चालला. १८९५ साली पोर्तुगीज सेवेतील मराठा शिपायांना आफ्रिकेतील मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. त्यांनी तो मोडला, सत्तरीचे राणे त्यांना मिळाले आणि दादा राणे यांचे नाव घरोघरी पोहोचले. शेवटचा उठाव १९१२ चा. प्रत्येक उठावानंतर राज्यकर्त्यांची नजर गावातील शस्त्रांवर अधिक कठोर झाली असल्यास ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. तलवार बाळगणे हे शौर्याचे लक्षण न राहता संशयाचे कारण बनले.

मग ही विद्या गेली कोठे? ती देवाच्या मांडावर आली. डिचोली, सत्तरी व पेडणे महालांत शिमगोत्सवात होणारी घोडेमोडणी हे त्याचे ठळक उदाहरण. कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा बांधून, डोक्यावर फेटा, पायांत घुंगरू, एका हातात लगाम व दुसऱ्या हातात उगारलेली तलवार घेऊन गडी ढोल-ताशांच्या ठेक्यावर पुढे झेपावतात आणि मागे सरतात. राण्यांच्या पराक्रमाची ती स्मृती आहे, असे परंपरा सांगते. साखळीचा वीरभद्र दोन्ही हातांत तलवारी घेऊन नाचतो. पेडण्यात श्री भगवतीच्या प्रांगणात दसऱ्याला तरंगे निघतात. शस्त्रपूजन आणि सीमोल्लंघन हे तर या सणाचे मूळच. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकातील राजे मृदंगाच्या तालावर तलवारींची झुंज खेळतात आणि पेडण्यातील मुले डोळे चोळीत पहाटेपर्यंत ती पाहतात. या सर्व प्रकारांत पायांची ठेवण, तोल, अंतराचा अंदाज आणि जोडीदाराच्या हालचालीवर खिळलेली नजर या गोष्टी आहेत. युद्धविद्येचा प्राणही याच गोष्टींत असतो. शस्त्राची धार गेली, पण शरीराची स्मृती देवालयाने राखली.

याच काळात देवालयाच्या व्यवस्थेलाही कायद्याची चौकट आली. १८८६ साली महाजनांच्या संस्थांसाठी पहिले नियमन झाले व १९३३ मध्ये त्याची जागा नव्या नियमनाने घेतली. देवस्थानचा जमाखर्च सरकारी नजरेखाली गेला. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकानंतर काही वर्षे हिंदू समाजाला मोकळा श्वास घेता आला आणि शाळा व वाचनालये उभी राहिली. मात्र सालाझारच्या राजवटीत सभा आणि वृत्तपत्रे यांवर कडक बंधने आली. अशा काळात चार माणसांनी निःशंकपणे एकत्र येण्याचे ठिकाण म्हणजे देवालयाचा सभामंडप हेच उरले.

सीमेपलीकडे मात्र व्यायामाच्या पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली होती. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाने बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले होते. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांनी तालमीच्या विद्येला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना झाली. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबई, बेळगाव, कोल्हापूर येथे राहणाऱ्या गोमंतकीय तरुणांच्या आसपासच हे सारे घडत होते.

मुक्तिलढ्याने शौर्याची आणखी एक जात दाखविली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबचे कर्नेलसिंग यांच्यासह अनेकांनी तेथे देह ठेवला. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक हा या शतकांच्या साखळीतील आधुनिक वीरगळच म्हणावयास हवा. फरक एवढाच, की या वीरांच्या हाती शस्त्र नव्हते. त्याच वर्षीच्या सत्याग्रहात मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय यांनी गोळ्या लागूनही झेंडा सोडला नाही. एप्रिल १९५५ मध्ये म्हापशास सुधाताई जोशी यांनी बंदी झुगारून सभेचे अध्यक्षपद स्वीकारले आणि कारावास पत्करला. भय जिंकण्याचे शिक्षण हेच आत्मरक्षणाचे पहिले शिक्षण होय, हे या स्त्रियांनी कृतीने सिद्ध केले.

येथेच जुन्या परंपरेतील उणीवही स्पष्ट सांगितली पाहिजे. तालीम ही पुरुषांची होती. मांडावरचा घोडा, तलवार आणि दशावतारातील झुंज हा पुरुषांचाच मान. त्यातही अनेक ठिकाणी तो ठराविक घराण्यांचा. ज्यांना रक्षणाची विद्या सर्वांत अधिक हवी होती, त्या लेकी-सुना केवळ प्रेक्षक राहिल्या. परंपरेचा अभिमान बाळगताना या वास्तवाकडे पाठ फिरविणे योग्य होणार नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला. गावोगावी शाळा निघाल्या आणि पटांगणात मुलामुलींच्या हाती लेझीम आले. पुढच्या काळात कराटे व ज्यूदो यांचे वारे आले. हे प्रकार परके म्हणून काहींनी नाके मुरडली. पण त्यांचा इतिहासही बोलका आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्यूदोची संस्था स्थापिली, ती जुन्या सामुराई विद्येतील घातक डाव वगळून मुलांना निर्धोकपणे शिकविता यावे म्हणून. रवींद्रनाथ ठाकूरांनी १९२९ मध्ये ताकागाकी या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात आणून ज्यूदो शिकवावयास लाविले. फरीगदगा निर्माण करणाऱ्या मराठी वस्तादाची आणि कानोंची दृष्टी येथे एकच दिसते. वर्गात शिरताना वाकून वंदन करणारा कराटेचा विद्यार्थी आणि आखाड्याची माती कपाळी लावणारा मल्ल एकमेकांना परके नाहीत. २०२३ साली गोव्यात सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा मल्लखांब आणि केरळचे कळरिपयट्टू यांना त्यांत स्थान मिळाले. देशी विद्येला मिळालेला हा मान सुखावह होता.

आज पेडणे-डिचोलीचे रूप झपाट्याने पालटत आहे. खाणी, पर्यटन आणि २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेला मोपाचा विमानतळ यांनी गावे जगाशी जोडली. ज्या वाटेवर पूर्वी प्रत्येक चेहरा ओळखीचा असे, तेथे आज अनोळखी वाहने धावतात. पालकांच्या मनात चिंता उत्पन्न व्हावी हे साहजिकच. गोवा विधानसभेने २००३ साली बालकांच्या हक्करक्षणार्थ स्वतंत्र कायदा केला आणि त्यायोगे बाल न्यायालयाची तरतूद झाली. २०१२ मध्ये देशव्यापी ‘पोक्सो’ कायदा आला. तथापि एक कटू सत्य विसरता कामा नये. बालकांवरील अत्याचारांच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी परिचयातलाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत. म्हणजे शत्रू सीमेपलीकडून येतो, ही जुनी कल्पना येथे अपुरी पडते.

म्हणूनच मुलांना केवळ ठोसा व लाथ शिकवून भागत नाही. नको असलेल्या स्पर्शाला मोठ्याने ‘नाही’ म्हणणे, अंतर राखणे, पकडलेला हात सोडवून गर्दीच्या दिशेने पळणे, घडलेले विश्वासातील मोठ्या माणसाला सांगणे आणि प्रसंगी १०९८ वा ११२ या क्रमांकावर मदत मागणे, हा आजचा फरीगदगा आहे. आणि मूल सांगू लागले की त्याला न रागावता, ‘लोक काय म्हणतील’ या भयाने न दडपता ऐकून घेणे, ही घरच्या वडीलधाऱ्यांची तालीम आहे. रंगीत पट्टा व प्रमाणपत्र मिळाले म्हणजे मूल सुरक्षित झाले, असा खोटा धीर मात्र कोणी बाळगू नये.

या कामी देवस्थानांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. उत्सवाचे दिवस सोडले तर अनेक अग्रशाळा व सभागृहे सायंकाळी रिकामी असतात. तेथे मुलगे व मुली यांना एकत्र शिक्षण मिळावे, शिक्षकाची नीट चौकशी करूनच त्याची नेमणूक व्हावी आणि वर्ग पालकांच्या नजरेसमोर चालावा. तेथे कराटेबरोबर लाठी, लेझीम व मल्लखांबही असावा. घोडेमोडणीच्या जाणत्या गड्याने पदन्यासाचा अर्थ मुलांना समजावून द्यावा. तो जाणता गडी वृद्ध होत चालला आहे. त्याच्याबरोबर ती विद्या गेल्यास मांडावर केवळ वेष आणि वाजप उरेल.

वीरगळावरील वीर झुंजून अखेर देवासमोर हात जोडून बसतो. शौर्याची परिणती नम्रतेत आणि रक्षणाची परिणती शांतीत व्हावी, हा त्या पाषाणाचा उपदेश आहे. ज्या प्रांगणाने शतकानुशतके गावाची राखण करणाऱ्यांना आशीर्वाद दिला, त्याच प्रांगणात महाजन कुटुंबांतील व गावातील प्रत्येक लेकराने निर्भयतेचा पहिला पाठ गिरवावा, आणि श्रींच्या कृपाछत्राखाली त्याचे पाऊल सदैव ठाम पडावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.