'मुंबईचे वर्णन' आणि नगरदर्शनाची मराठी रीत

मराठी गद्याच्या इतिहासात १८६१ आणि १८६३ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. पहिल्या वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली. दुसऱ्या वर्षी गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन'. अद्भुतरम्य कादंबरीला वाङ्मयेतिहासात मानाचे पान मिळाले, वर्णनग्रंथाची रवानगी मात्र माहितीच्या दालनात झाली. ही वाटणी न्याय्य नव्हे. नांदत्या शहराकडे डोळे उघडून पाहावयास मराठी गद्य शिकले ते या दुसऱ्या ग्रंथात.

माडगावकर मूळचे गोव्याचे. १८१५ साली जन्मलेला हा मुलगा १८२४ मध्ये मुंबईस आला, तेव्हा कुलाब्यास पायी जावयाचे तर भरती-ओहोटीचा हिशेब पाहावा लागे. १८३८ मध्ये कुलाब्याचा बांध झाला. १८४५ मध्ये जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून माहीमच्या खाडीवर रस्ता झाला, आणि १८५३ मध्ये बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. म्हणजे ज्या बेटाची ओळख करून घेण्यात लेखकाचे आयुष्य गेले, त्याचे बेटपण त्याच्या डोळ्यांदेखत सरत होते. ग्रंथातील सारे टिपून ठेवण्याची घाई यावरून उमगते.

परक्या गावी आलेल्याने ते गाव कसे जाणून घ्यावे, याच्या दोन रीती मराठीत पूर्वीपासून होत्या. माहात्म्यग्रंथात क्षेत्राचे पावित्र्य आधीच सिद्ध असते; वाचकाने केवळ फळ घ्यावयाचे. चौदाव्या शतकातील महानुभावीय 'स्थानपोथी'ची रीत निराळी. चक्रधरस्वामींचे वास्तव्य झालेल्या गावांतील देवळांची व मठांची दारे कोणत्या दिशेस, कोणते स्थान कशाच्या अलीकडे, हे तीत नोंदलेले आहे. श्रद्धा आहेच, पण तिला पत्ता लागतो! माडगावकरांनी ही रीत पोथीतून उचलली, असे नव्हे. त्यांच्या काळी महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद होते. साम्य आहे ते वृत्तीचे. देऊळ, बाजार, टांकसाळ, छापखाना, गिरणी, शाळा ही सर्व त्यांच्या लेखी सारख्याच कुतूहलाची स्थळे आहेत, आणि जुन्या ठिकाणांना मान देताना नव्यांना ते तुच्छ लेखीत नाहीत. परगावाहून आलेल्या माणसालाच हे साधते. जन्माने मुंबईकर असता तर निम्म्या गोष्टी सांगण्याजोग्या आहेत असे त्यास वाटलेच नसते.

ग्रंथास उणिवा आहेत. याद्या कित्येकदा लांबतात, आणि इंग्रजी अमलाविषयीचा कृतज्ञ सूर आज कानास खटकतो. परंतु त्याच काळच्या कादंबरीतील राजवाड्यांपेक्षा या याद्यांत माणसांचा वावर अधिक जाणवतो.

ग्रंथ निघाला त्याच वर्षी बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात ओतत होता, आणि गव्हर्नर फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडण्याचे काम हाती घेतले गेले. १८६५ मध्ये ती तेजी कोसळली. माडगावकरही त्याच वर्षी वारले. पुढची आवृत्ती न. र. फाटक यांच्या संपादनाने निघावयास १९६१ साल उजाडले आणि मुरली रंगनाथन यांच्या इंग्रजी भाषांतरास २००८. मधल्या काळात कोटाच्या तीन वेशींपैकी चर्चगेट हे नाव रेल्वे स्थानकाकडे गेले होते.