कोळी पलटणीतील आमचे पूर्वज

राघोजी भांगरे यांस २ मे १८४८ रोजी ठाण्यास फाशी झाली, हे आपल्या महादेव कोळी ज्ञातीतील मुलासही ठाऊक असते. मात्र पुढील दहा वर्षांतच आपले सुमारे ६०० पूर्वज त्याच सरकारच्या पलटणीत शिरले, हे आपण वंशावळीतून गाळतो. त्यांस फितूर म्हणणे आम्हांस मान्य नाही, गाळणेही नाही. १८५७ साली भागोजी नाईकांच्या भिल्लांनी उठाव करताच कोळीही त्यांस मिळतील, या धास्तीने कॅप्टन नटलने ही पलटण उभारली. हिरवे पागोटे, पायी वहाणा, तंबू नाहीत, सामान पाठीवर. आणि डोंगर तर पायाखालचेच! भागोजी ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नरजवळ मिठसागरे येथे पडले. मार्च १८६१ मध्ये पलटण मोडली; काही पोलिसांत गेले, बाकीच्यांनी पुन्हा नांगर धरला.