लोणार: ज्वालामुखी की आकाशातला दगड?

मंडळी, लघुग्रहांच्या धोक्याबद्दल आपण बहुतेक वेळा परदेशातल्या बातम्यांमधून ऐकतो. पण अशा आघाताचा पुरावा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच आहे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, जवळजवळ गोल, आणि तळाशी खारं पाणी. ते आकाशातून पडलेल्या दगडानं झालं, हे सिद्ध व्हायला १९७३ साल उजाडलं. इतका उशीर का झाला, ते आज आपण पाहू.

सरोवर लोकांना ठाऊक नव्हतं असं नाही. लवणासुर इथं जमिनीखाली दडला होता आणि विष्णूनं त्याला मारलं, ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेचं. 'आईन-ए-अकबरी'मध्येही या तळ्याची नोंद आहे. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याच्याकडे लक्ष वेधलं.

पुढे अभ्यासक आले आणि बहुतेकांनी ज्वालामुखीकडे बोट दाखवलं. यात काही वेडेपणा नव्हता बरं का! सगळं दख्खनचं पठारच लाव्हाचं. पण हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विवर त्यापेक्षा कितीतरी ताजं. मग नवा लाव्हा कुठंय? तो सापडत नव्हता. म्हणून कुणी वाफेचा स्फोट म्हटलं, कुणी जमीन खचली म्हटलं.

१८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनाच्या विवराशी लोणारचं साम्य दाखवलं. साम्य बरोबर होतं, निष्कर्ष मात्र उलटा निघाला: त्यांनी ॲरिझोनाचं विवरही वाफेच्या स्फोटाचंच मानलं. ॲरिझोनाचा निकाल १९६० च्या सुमारास लागला. मग १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख 'सायन्स'मध्ये आला. सरोवराच्या तळात खोल छिद्रं पाडून काढलेल्या दगडांत त्यांना मास्केलिनाइट सापडलं. म्हणजे बेसाल्टमधल्या स्फटिकांची, न वितळता, नुसत्या धक्क्यानं झालेली काच. एवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही.

आता धोक्याचा मुद्दा. लोणारचं वय एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! असे आघात किती काळानं होतात, हे आपण विवरांच्या वयांवरूनही ताडून पाहतो. एका लोणारवरून तो दर ठरत नाही, पण चुकीची वयं धरली तर हिशेबच बिघडतो.

छोटे आघात तर आपल्या डोळ्यांसमोर होतात. २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेतच फुटला, आणि हजारावर माणसं जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांमुळे. २०२२ मध्ये नासाच्या 'डार्ट' यानानं डिमॉर्फस या छोट्या खगोलाला धडक देऊन त्याची कक्षा बदलून दाखवली. म्हणजे वेळेवर दिसला तर दगड ढकलता येतो.

२०२० मध्ये लोणार रामसर यादीत गेलं, त्यामुळे पाण्याकडे लक्ष वळलं. पण आघातात उडालेली दगडमाती काठाबाहेर, आजच्या शेतांखाली आणि घरांखालीही पसरलेली आहे. वयाचा वाद मिटवायला तीच लागणार. तेव्हा लोणार जपायचं म्हणजे आपल्याला नुसतं तळं जपून भागणार नाही.