कर्णबधिरांचा मदतनीस कुत्रा : कायदा काय सांगतो?

दारावरची बेल, कुकरची शिट्टी, बाळाचे रडणे, आगीचा भोंगा. असा आवाज आला की श्रवण-साहाय्यक कुत्रा पंजाने किंवा नाकाने स्पर्श करून कर्णबधिर मालकाला सावध करतो. ब्रिटनमध्ये १९८२ पासून एक संस्था असे कुत्रे तयार करते. आपल्याकडे ते विरळच. त्यामुळे दारावरच्या सुरक्षारक्षकाला तो पाळीव कुत्राच वाटतो.

कायद्यात उल्लेख आहे का?

थेट नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांनी ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणऱ्हास असल्यास व्यक्ती बधिर, तर ६० ते ७० असल्यास कमी ऐकू येणारी ठरते. मदतनीस कुत्र्याचे नाव अधिनियमात कुठेच नाही.

मात्र त्यात ‘वाजवी सोय’ ही संकल्पना आहे. समोरच्यावर अवाजवी भार न पडता करता येणारी सोय नाकारणे, हा भेदभावच मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात या तत्त्वावर भर दिला. कुत्र्याला प्रवेश मागताना हाच मुख्य आधार.

अमेरिकेत हा हक्क स्पष्ट आहे. तिथे कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात : अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? कागदपत्रे मागता येत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरात अडचण कुठे येईल?

वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा आणि देवगिरी किल्ला ही केंद्राची संरक्षित स्मारके आहेत. स्मारकांच्या १९५९ च्या नियमांत देखभालीच्या कामाखेरीज प्राणी आत नेण्यास मनाई आहे. मदतनीस कुत्र्यासाठी वेगळा अपवाद नाही. म्हणून भेटीआधी लेखी परवानगी मागावी.

गृहनिर्माण सोसायटीत स्थिती बरी आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही.

चिकलठाण्याहून विमानाने जायचे असल्यास तिकीट काढतानाच कंपनीला कळवावे. रेल्वेत कुत्रा सोबत ठेवण्यासाठी साधारणपणे प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते.

सोबत काय ठेवावे?

यूडीआयडी कार्ड, कुत्र्याचे प्रशिक्षण-प्रमाणपत्र, रेबीज लसीकरणाची नोंद आणि महापालिकेचा परवाना. कुत्र्याचे काम सांगणारी मराठीतली छापील चिठ्ठीही ठेवावी. बोलून समजावणे शक्य नसेल तिथे ती उपयोगी पडते.

नकार मिळाल्यास?

कारण लेखी मागावे. तारीख, वेळ नोंदवावी. सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येते. त्यापुढे पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. अधिनियमाच्या पहिल्या उल्लंघनासाठी १०,००० रुपयांपर्यंत, पुढील प्रत्येक उल्लंघनासाठी ५०,००० ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केल्यास कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षे कैद व दंड आहे.

नियमात कुत्र्याचे नाव येईपर्यंत प्रत्येक दारावर हा हक्क नव्याने मांडावा लागेल. म्हणून अर्जात ‘कुत्र्याला प्रवेश द्या’ असे लिहू नये. ‘मला वाजवी सोय द्या’ असे लिहावे.