ठिणगीची वेळ : खानदेशातील मोटार-दुरुस्तीच्या एका कौशल्याचा इतिहास

अंजनी नदीकाठचे एरंडोल हे गाव एकेकाळी हातकागदासाठी ओळखले जात असे. रेल्वे मात्र या गावात आली नाही. ब्रिटिश काळात एरंडोलहून म्हसावद स्टेशन गाठावे लागे, आणि धुळे व जळगाव या दोन्ही बाजारपेठांकडे जाणारा माल व माणूस रस्त्यानेच जात असे. हाच रस्ता पुढे सुरत–नागपूर महामार्गाचा भाग झाला, त्याला राष्ट्रीय महामार्ग ६ असा क्रमांक मिळाला, आणि अलीकडच्या फेररचनेत तो ५३ झाला. रस्त्यावर अवलंबून असलेल्या अशा तालुक्याच्या गावांत बैलगाडीनंतर मोटार आली, आणि मोटारीमागोमाग तिची दुरुस्ती करणारा मिस्त्रीही आला. त्याच्या कामांपैकी सर्वांत नाजूक काम म्हणजे इंजिनाचे ‘टायमिंग’ लावणे. ते सुरक्षितपणे कसे शिकले गेले, याचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे दिसते : ठिणगीची वेळ ठरवण्याची जबाबदारी प्रथम चालकाच्या हातात होती, नंतर ती मिस्त्रीकडे आली आणि शेवटी कारखान्याकडे गेली, आणि प्रत्येक स्थित्यंतराबरोबर या कामातला धोकाही एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकत गेला.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते व प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. हे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत पसरायला दोन-तीन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे दोन-तीन हजारांश भाग लागतात. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून खाली वळला की लगेचच दाब सर्वाधिक असावा लागतो, म्हणून ठिणगी त्या टोकाच्या थोडी आधीच पडावी लागते. ही आघाडी क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होणाऱ्या गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करणाऱ्या दांड्याच्या, फिरण्याच्या अंशांत मोजतात. मिनिटाला ६०० फेरे घेणारे इंजिन एका मिलिसेकंदात साडेतीन अंशांच्या आसपास फिरते, तर ३,००० फेऱ्यांना तेच इंजिन तेवढ्याच वेळात १८ अंश फिरते; त्यामुळे वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडायला हवी. ठिणगी आधी आणणे म्हणजे ‘ॲडव्हान्स’ आणि मागे नेणे म्हणजे ‘रिटार्ड’, हे दोन शब्द गॅरेजमधल्या पोराच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडत.

सुरुवातीच्या मोटारींत हे ॲडव्हान्स-रिटार्ड चालकालाच करावे लागे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगच्या दांड्याला दोन बाजूंना दोन कळा असत, त्यांपैकी डावी ठिणगीची आणि उजवी पेट्रोलच्या प्रमाणाची. गाडी हँडल मारून सुरू करण्यापूर्वी डावी कळ रिटार्डला नेणे अत्यावश्यक होते, कारण इंजिन हाताने फिरवताना वेग इतका कमी असतो की आधी पडलेली ठिणगी पिस्टनला वर जाऊ न देता उलट खाली ढकलते आणि हँडल उलटे फिरून माणसाच्या हातावर बसते. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला वैद्यकीय ग्रंथांत आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात, ते याच अपघातामुळे. यातून जी शिस्त जन्मली ती पुढे अर्धे शतक प्रत्येक शिकाऊ मुलाला पाठ करवली गेली : गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहणे, हँडल धरताना अंगठा दांड्याला वेढा न देता बोटांच्याच बाजूला ठेवणे, आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढणे, म्हणजे ते उलटले तरी मुठीतून सुटून जाईल.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी आधी बॅटरीवरची ठिणगी आणि मग १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आणून हा धोका पुष्कळ कमी केला. केटरिंग यांच्या पद्धतीत पॉइंट नावाचे दोन स्पर्शबिंदू कॅमच्या धक्क्याने उघडतात, त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो, काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि डिस्ट्रिब्युटरमधला रोटर तो पाळीपाळीने एकेका प्लगकडे पोहोचवतो. पुढे डिस्ट्रिब्युटरमध्येच वेगाबरोबर बाहेर फेकली जाणारी वजने आणि इंजिनाच्या शोषणावर चालणारी व्हॅक्यूमची डबी बसवली गेली, त्यामुळे स्टिअरिंगवरची कळ अनावश्यक ठरली. चालक या कामातून मोकळा झाला. पण मूळ टायमिंग, ज्यावर ही सगळी स्वयंचलित भर पडत असे, ते कोणीतरी हाताने लावणे भागच होते, आणि तेथून मिस्त्रीचे युग सुरू झाले. मुंबई प्रांतात गाड्यांचा पुरवठा याच सुमारास वाढला, कारण फोर्डने १९२६मध्ये आणि जनरल मोटर्सने शिवडी येथे १९२८मध्ये सुट्या भागांपासून गाड्या जोडण्याचे कारखाने सुरू केले होते.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले तेव्हा अनेक बसगाड्या व ट्रक कोळशाच्या गॅसवर चालू लागले, आणि हा काळ टायमिंगच्या इतिहासात अधिक लक्ष देण्याजोगा आहे. गाडीच्या मागे भट्टी बसवून लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा व त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइडयुक्त गॅस गाळून इंजिनाला द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. हा गॅस पेट्रोलच्या वाफेपेक्षा सावकाश जळत असल्यामुळे ठिणगी आणखी आधी आणावी लागे, आणि तीच गाडी पेट्रोलवर सुरू करायची झाली तर पुन्हा मागे न्यावी लागे. ठिणगीची योग्य वेळ म्हणजे गाडीवर कोरलेला एक कायमचा आकडा नसून इंधन, उष्णता आणि भार यांच्याशी जुळवून घेण्याची गोष्ट आहे, हा धडा त्या पिढीला पुस्तकाने नव्हे तर गरजेने दिला. त्याबरोबर एक नवा धोकाही आला, कारण भट्टीचा वायू बंद शेडमध्ये साचला तर वास न येता जीव घेतो. इंजिन चालू ठेवून काम करायचे तर ते उघड्यावरच करायचे, हा नियम पेट्रोलच्या गाड्यांनाही तितकाच लागू आहे, आणि धुराच्या नळीतून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड आजही दुर्लक्षिला जातो हे खेदाने नोंदवावे लागते.

युद्धानंतर लष्करी डिस्पोजलमधून आलेल्या जीपा व ट्रक, महिंद्र कंपनीने जोडायला घेतलेल्या विलीज जीपा, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या फियाट आणि १९५०च्या दशकाअखेरीस आलेली हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसॅडर ही या कौशल्याची पाठ्यपुस्तके ठरली. यांपैकी चार सिलिंडरच्या गाड्यांची फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगीची पाळी, एक-तीन-चार-दोन अशी असल्यामुळे एक गाडी शिकलेला मुलगा दुसरीवर फारसा अडखळत नसे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत आगारे व कार्यशाळा उभ्या राहिल्या. जळगाव विभागात एरंडोललाही आगार आहे. एसटी आणि मालवाहतूक लवकरच डिझेलकडे वळली. डिझेलमध्ये ठिणगी नसते, तेथे पंपाचे टायमिंग लावावे लागते आणि ते वेगळे शास्त्र आहे. त्यामुळे ठिणगीचे टायमिंग हे मुख्यतः कार, जीप, रिक्षा आणि दुचाकी यांच्यावर जगणाऱ्या खासगी गॅरेजांचे काम राहिले.

या गॅरेजांत शिक्षण कानाने होत असे. उस्ताद डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून इंजिन चालू ठेवी, डिस्ट्रिब्युटर किंचित मागेपुढे फिरवी, आवाज ‘गोड’ झाला की बोल्ट आवळी, आणि शेजारी पाना धरून उभा असलेला मुलगा ते पाहून पाहून शिके. या कसबाला कमी लेखण्याचे कारण नाही. ठिणगी फार आधी पडली तर चढावर इंजिनातून खडखड ऐकू येते. हे नॉकिंग चालू राहिले तर पिस्टन व बेअरिंग निकामी होतात. ठिणगी फार उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, रेडिएटर उकळतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. एरंडोल परिसराच्या सपाटीवर जी चूक लपून राहते ती लळिंगच्या किंवा कन्नडच्या घाटात उघड होते. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि तापलेली हवा नॉकिंगला आमंत्रण देते, तर पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ झाली की इंधनाची नॉकिंग रोखण्याची क्षमता, म्हणजे ऑक्टेन, घसरते. त्या काळात ८७ आणि ९३ ऑक्टेनचे पेट्रोल मिळे, आणि भेसळीचे पेट्रोल त्याही खाली जाई. अशा वेळी थोडे रिटार्ड करून गाडी वाचवणारा कान ही खरी विद्या होती. मात्र चालू इंजिनावर वाकून ती शिकण्याची पद्धत घातक होती, कारण पंख्याचे पाते, पट्टा आणि प्लगच्या तारेतला करंट ही तिन्ही संकटे शिकाऊ मुलाच्या हातापासून वीतभर अंतरावर असत. शिवाय ही विद्या उस्तादाच्या मर्जीवर मिळे. ज्याला तो दाखवणार नाही तो वर्षानुवर्षे टायरच काढत बसे.

सुरक्षित शिक्षणाची वाट दाखवली ती इंजिन बंद ठेवून टायमिंग लावण्याच्या पद्धतीने. केंद्र सरकारच्या १९५०च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या आयटीआयमधील मोटर मेकॅनिकच्या वर्गाने आणि १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अशा शिस्तबद्ध कामाला जागा मिळवून दिली. या पद्धतीला हँडल, फट मोजण्याची पातळ पट्टी म्हणजे फिलर गेज, आणि एक साधा बल्ब एवढेच पुरते. प्रथम हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलला आणून आणि चाकांना दगड लावून पॉइंटचा गॅप मोजायचा. ॲम्बॅसॅडरच्या जातीच्या इंजिनात तो इंचाच्या सुमारे पंधरा हजारांश, म्हणजे ०.४ मिलिमीटरच्या आत-बाहेर असतो. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते, म्हणून आधी गॅप आणि मग टायमिंग हा क्रम मोडायचा नसतो. मग कॉइलची मधली तार काढून, एक नंबरचा प्लग सोडवून त्याच्या भोकात कागदाचा बोळा बसवायचा आणि हँडल सावकाश फिरवायचे. बोळा उडाला की पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे हे कळते. ही खूण महत्त्वाची, कारण एका पूर्ण चक्रात पिस्टन दोनदा वर येतो. धूर बाहेर टाकण्याच्या फेरीत टायमिंग लावले तर ठिणगी नको त्या वेळी पडते आणि कार्बोरेटरमधून उसळणाऱ्या भडक्याने उघड्या पेट्रोलला आग लागू शकते.

पुलीवरची खूण स्थिर काट्यासमोर आणून बल्बचे एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकाला व दुसरे बॉडीला लावतात आणि चावी फिरवतात. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला असतो. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या दिशेने थोडा नेऊन, मग उलट दिशेने केसभर केसभर आणताना ज्या जागी बल्ब पेटतो तीच पॉइंट उघडण्याची, म्हणजे ठिणगीची वेळ. तेथे क्लॅम्प आवळला की काम झाले. चावी मात्र लगेच बंद करायची, नाहीतर मिटलेल्या पॉइंटमधून प्रवाह वाहत राहून कॉइल तापते. या सर्व खटाटोपात इंजिन एकदाही चालू होत नाही. बल्ब प्रत्येकाला सारखाच दिसतो, तो उस्तादाची मर्जी पाहत नाही, आणि या साध्या साधनाचे शैक्षणिक मोल तेवढ्यामुळेच मोठे आहे. शहरांतील गॅरेजांत आलेली टायमिंग लाइट अधिक अचूक खरी, पण एक नंबरच्या ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या तिच्या प्रकाशात पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते तसा पंखाही थांबल्यासारखा किंवा सावकाश फिरत असल्यासारखा दिसू शकतो, आणि म्हणून ती वापरताना सैल बाही, गळ्यातला रुमाल व मनगटातले कडे दूर ठेवण्याची ताकीद जुन्या पद्धतीपेक्षाही अधिक कडक असावी लागते.

या कौशल्याचा ऱ्हास दुचाकींपासून सुरू झाला. १९८५मध्ये आलेल्या हिरो होंडासारख्या गाड्यांतल्या सीडीआय, म्हणजे पॉइंटविरहित इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने गॅप आणि घर्षण दोन्ही संपवले. मोटारींत २०००च्या सुमारास प्रदूषणाच्या नियमांबरोबर मारुती ८००मध्येही इंधन-इंजेक्शन आले. २०००मध्येच देशातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. त्यानंतरच्या इंजिनांत हळूहळू डिस्ट्रिब्युटरच राहिला नाही. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर फेरे मोजतो, इंजिनाच्या अंगावर बसवलेला नॉक सेन्सर खडखडीचे कंपन टिपतो आणि संगणक प्रत्येक ठिणगीची वेळ नव्याने ठरवतो. उन्हाळ्यात रिटार्ड करण्याचे जे काम मिस्त्रीचा कान करत असे, ते आता सेकंदाच्या अंशात होते. महामार्गावरच्या गॅरेजांत आता स्कॅनर लागतो आणि टायमिंगचा आकडा पडद्यावर वाचता येतो, बदलता मात्र येत नाही. नॉक सेन्सर बिघडला तर संगणक ठिणगी सुरक्षित बाजूला, म्हणजे मागे नेतो, गाडीचा पिकअप मरतो, आणि पॉइंटच्या गाड्यांवर हात बसलेला जुना मिस्त्री रिटार्ड झालेले इंजिन कसे ओढते हे जाणून असल्यामुळे पडद्यावर कोड उमटण्याआधीच ती खोड ओळखू शकतो.