कयाधूकाठी समुद्र: गोबी माशाच्या निवडीचा इतिहास

१/ हिंगोलीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून दूर आहे. तथापि आज कयाधूकाठच्या एखाद्या घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडता येते आणि तीत ‘गोबी’ हा चिमुकला मासा पाळता येतो. (भाजीशी या नावाचे काही नाते नाही!) प्रश्न असतो तो निवडीचा. दुकानात रंग पाहून ती करायची, की आणखी काही पाहून? या प्रश्नामागे नऊशे वर्षांचा इतिहास आहे. तोच या थ्रेडमध्ये पाहू.

२/ आरंभ बाराव्या शतकात. मराठवाड्यावर तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. विषय गळाने मासे धरण्याचा. तरी त्यात समुद्रातील व नद्यांतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे वर्ग पाडले आहेत आणि कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, हे सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

३/ राजाचा हेतू करमणुकीचा होता, परंतु त्याची दृष्टी पारख्याची होती. मासा ओळखायचा असेल, तर तो काय खातो हे आधी विचारावे. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

४/ आता गोबीकडे वळू. गोबी कुळात सतराशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक बोटभर लांबीच्या, तळाशी राहणाऱ्या. अनेकांचे पोटाकडील दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. त्या वाटीने ते दगडाला घट्ट धरतात. कोकणच्या चिखलात उड्या मारणारी निवटी याच गोतावळ्यातली.

५/ आणि एक गोबी आपल्या गोड्या पाण्यातही आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात तिला ‘गोबियस गिउरिस’ म्हटले. पुढे मुंबई इलाख्याच्या दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारा विल्यम साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन छापले. त्याने अनेकदा मराठी मुलखातली नावेच शास्त्रीय नावांत घेतली. खुद्री, नुक्ता ही त्याची उदाहरणे. त्याच यादीत ‘गोबियस कुरपा’ आहे.

६/ कालांतराने ‘कुरपा’ आणि ‘गिउरिस’ एकच ठरले. ज्येष्ठतेच्या नियमाने हॅमिल्टनचे नाव टिकले आणि कुरपा जुन्या नोंदींत उरला. साइक्सच्या काळात हिंगोली निजामाच्या राज्यात होती, म्हणजे त्याच्या इलाख्याबाहेर. माशाला मात्र राज्याची सीमा ठाऊक नसते. गोदावरीच्या खोऱ्यात ही जात सर्वदूर आढळते, आणि हिंगोलीची कयाधू व पूर्णा याच खोऱ्यातल्या. गोड्या, मचूळ व खाऱ्या अशा तिन्ही पाण्यांत ती आढळते. कुळाचा हा लवचीकपणा पाहून ‘गोबी कुठेही जगते’ असे वाटू लागते. चूक नेमकी इथे होते, कारण प्रवाळभित्तीवरच्या गोबींना ही मुभा नाही.

७/ त्यांना समुद्रच हवा. तो घरात कसा आला? फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५४ मध्ये ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला आणि त्याच वर्षी चार क्षार गोड्या पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृती प्रसिद्ध केली. पुढे ‘चॅलेंजर’ या संशोधन जहाजाने जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिट्मार याने तपासले. १८८४ चा त्याचा निष्कर्ष असा, की खारटपणा कमीअधिक असला तरी प्रमुख क्षारांचे परस्परप्रमाण सर्व महासागरांत जवळपास सारखेच असते.

८/ या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. प्रमाण स्थिर असल्यामुळे समुद्र पुडीत भरता येतो. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते मुंबईत तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या शेजारी. आज हिंगोलीकराला क्षारांची पुडी आणि शुद्ध केलेले पाणी पुरते. एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास.

९/ पाणी सुटले, पोट उरले. पॅसिफिकमधील पिवळ्या डोक्याची देखणी गोबी ब्रूसोने या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८२ मध्ये नोंदवली. आज तिचे नाव व्हॅलेन्सिएनिया स्ट्रिगाटा. ती तोंडात वाळू घेते, त्यातले सूक्ष्म जीव टिपते आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडते. नव्या, लहान पेटीत हे जीव थोड्याच दिवसांत संपतात. मग पाणी निर्मळ असूनही मासा रोडावत जातो. पेटी स्वच्छ करणारा मासा म्हणून ती घेतली जाते आणि उपाशी मरते.

१०/ दुसरी कथा जोडीची. १९५० च्या दशकात लुथर या जर्मन संशोधकाने तांबड्या समुद्रात गोबी आणि झिंग्याची सोबत नोंदवली. झिंगा बीळ खणतो, पण त्याची दृष्टी मंद असते. गोबी दारात पहारा देते. झिंग्याची मिशी तिच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की ती शेपटी हलवते आणि दोघे आत. क्लाउसेवित्झ याने १९६० मध्ये एका गोबीला ‘क्रिप्टोसेंट्रस लुथेरी’ हे नाव देऊन या शोधाचा मान राखला.

११/ नवशिक्याने निवडावी ती याच प्रजातीतली पिवळी पहारेकरी गोबी, क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस. हेर याने १९३६ मध्ये नोंदवलेली, वाढून सुमारे १० सेंटिमीटर. तिचे अन्न वाळूतल्या अदृश्य जीवांवर अवलंबून नसते. गोठवलेले बारीक झिंगे ती सहसा आनंदाने घेते. शंभर लिटरची पेटी, बारीक वाळू, दगडांचे तुकडे आणि शक्य तर एक पिस्तूल झिंगा. अटलांटिकमधील निऑन गोबी आणखी लहान. बंदिस्त पाण्यात प्रथम पैदास झालेल्या शोभिवंत सागरी माशांत तिची गणना होते.

१२/ हिंगोलीसाठी तीन सूचना. पहिली: उन्हाळ्यात पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून घट शुद्ध गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या नव्हे. दुसरी: पाणी २५-२६ अंशांच्या जवळ ठेवावे. बाहेर चाळीस अंश असताना ती सोय आधी पाहावी. तिसरी: गोबी उडी मारते, झाकण हवेच. आणि पाण्यातील उपयुक्त जिवाणू स्थिरावण्यास काही आठवडे द्यावेत, मगच मासा आणावा.

१३/ विकत घेताना एकच विनंती करा: “हा मासा खाताना दाखवा.” खात नसेल तर रंगाला भुलू नका. शक्य असेल तेव्हा पैदास केलेलाच मासा मागा. समुद्रातून पकडलेल्या माशाचा प्रवाळभित्तीपासूनचा लांबचा प्रवास त्याच्या जिवावर बेतू शकतो.

१४/ राजाने गळ टाकण्यापूर्वी जे विचारले, तेच आपण पेटी भरण्यापूर्वी विचारायचे आहे. सोमेश्वराला मासा पकडायचा होता, आपल्याला जगवायचा आहे. प्रश्न तोच: हा काय खातो? (थ्रेड समाप्त)